घोळ डेव्हलपरचा, राजीनामा माझा?

हिंजवडीत ओरॅकल डीबीए आहे, म्हणजे कंपनीचा डेटाबेस सांभाळणं माझं काम. डेव्हलपमेंट मॅनेजरने वरून दबाव आणून टीममधल्या पोराला प्रोडक्शनचा (खऱ्या, चालू डेटाबेसचा) ॲक्सेस मिळवून दिला. मी मेलवर विरोध नोंदवला होता. पठ्ठ्याने व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारून कमिट केलं, म्हणजे टेबलच्या सगळ्याच ओळी कायमच्या बदलल्या. मला कळवलं दोन तासांनी. अनडू रिटेन्शन, म्हणजे बदलाआधीचा डेटा किती वेळ जपायचा ते सेटिंग, डीफॉल्टच, ९०० सेकंद. मग तो जुना डेटा दाखवणारी फ्लॅशबॅक क्वेरी कसली चालतेय! बॅकअपवरून टेबल परत आणलं. आता एचआर म्हणतं, स्वतःहून राजीनामा द्या. काय करू?

चिंचवडकर: सही अजिबात करू नका. काढायचं तर लेखी काढा म्हणावं. वकील गाठा.

जुना डीबीए: ऑडिट (कोण काय करतं त्याची नोंद) चालू होतं का? आमच्याकडे सगळे एकाच पासवर्डने घुसायचे, कुणाचं नाव घेणार कप्पाळ!

प्रश्नकर्ता: चालू होतं दादा, नाव त्याचंच आहे. पण चौकशीच्या मीटिंगला मला बोलावलंच नाही.