बडोदा: मेक्सिकन जॅझ बास आणि दोन पेडल मिळून ६२ हजार. रविवारी बघायला जायचंय, काय काय तपासू?

चारतारी_बडोदा
कारेलीबागेत एकजण फेंडर जॅझ बास (चार तारांची बास गिटार) विकतोय. मेड इन मेक्सिको, सीरियल एमएक्स१९ पासून सुरू होतो, फिंगरबोर्ड रोझवुडचा आहे म्हणतो. सोबत बॉसचा जुना सीई-२बी बास कोरस आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बास बिग मफ (आवाज फाडणारा फझ पेडल). एकत्र घेतलं तर ६२ हजार, त्यात पेडलचे १४ धरलेत. व्हिडिओत तीन गोष्टी खटकल्या:
१) ई तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ करते (फ्रेटला घासून खरखरते).
२) एकच पिकअप चालू ठेवला की घुंईऽऽ असा आवाज येतो.
३) कोरसचा दिवा मिणमिणता आहे.
घरी जाऊन बघायला साधारण अर्धा तास मिळेल. सोबत काय न्यायचं आणि कुठल्या गोष्टीवर सरळ 'नको' म्हणायचं?

खालची_तार
क्लिप ट्यूनर, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), एक व्हिजिटिंग कार्ड, स्टीलची पट्टी, नवी ९ व्होल्टची बॅटरी आणि स्वतःची केबल. एवढं पुरे. त्याची केबल वापरू नका, निम्मी खरखर तिचीच निघते.

आधी ई-ए-डी-जी नीट सुरात लावा. ढिल्या तारांवर मोजलेल्या नेकच्या (लांब दांड्याच्या) बाकाला काही अर्थ नाही. बास मांडीवर, वाजवताना असतो तसा धरा. टेबलावर आडवा ठेवून मोजलं तर आकडा बदलतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. साधारण ०.३ मिमी हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. कार्ड शिरतच नसेल तर नेक फार सरळ आहे किंवा मागे वाकलाय, आणि तुमचा पहिल्या चार-पाच फ्रेटवरचा बझ तिथूनच येतोय. यावर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक ठरवणारी सळई) ढिला करायचा: हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) बघून घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरी, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. एका दमात अर्धी फेरी नको. किल्ली नेमकी बसणारीच हवी. ढिली किल्ली रॉडच्या नटाचे कोपरे खाते आणि मग तो नट काढणं हे वेगळंच प्रकरण होऊन बसतं. किल्ली मालकाच्या हातात द्या, त्यालाच फिरवू दे.

फक्त मोकळी तार बझ करते आणि पहिल्या फ्रेटवर दाबली की साफ वाजते, असं असेल तर दोष नेकचा नाही, नटाची (इथे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी) खाच खोल कापलीय. बाराव्याच्या वर बझ असेल तर ब्रिजचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) खाली आहे, नाहीतर नेकचं शेवटचं टोक वर उचललंय. सॅडल दोन मिनिटांत वर होतं. उचललेलं टोक फ्रेट घासल्याशिवाय जात नाही. आणि नुसता कानाला ऐकू येणारा पण अँपमधून न येणारा बझ फारसा मनावर घेऊ नका.

'नको' कधी म्हणायचं? दोनदा. एक, ट्रस रॉडचा नट फिरतो पण बाक तसूभरही बदलत नाही. दोन, नेक पिळलाय. ब्रिजकडून एक डोळा मिटून नेकवर नजर टाका. ई बाजूचा आणि जी बाजूचा बाक वेगळा दिसला तर नमस्कार करून उठा. पिळाला ट्रस रॉडने काही होत नाही. रंग, ओरखडे, पिकगार्डवरचे डाग यांवर भाव जरूर पाडा, पण त्यासाठी चांगला नेक सोडू नका.

मांडवीकर
सीरियलबद्दल. एमएक्स१९ म्हणजे २०१९. मेक्सिकोची जुनी 'स्टँडर्ड' मालिका बंद होऊन २०१८ मध्ये 'प्लेयर' आली आणि तिच्या बोर्डवर पाउ फेरो किंवा मेपल. त्यामुळे २०१९ चा प्लेयर रोझवुडचा म्हटला की कान टवकारायचे. पण लगेच बनावट समजू नका, दुकानदारसुद्धा गडद लाकडाला सरसकट रोझवुड म्हणतात. पाउ फेरो जरा फिक्या, तांबूस-तपकिरी रंगाचं असतं, रेषा जास्त उठून दिसतात.

खरी अडचण अशी की सीरियल हेडस्टॉकच्या मागे असतो आणि नेक चार स्क्रूंवर बसतो. नेक एका बासचा, धड दुसऱ्याचं, हे कधीही होऊ शकतं. पट्टीने मोजा: नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत ४३२ मिमी (३४ इंची स्केलचा निम्मा), नटाशी रुंदी ३८ मिमी. बाराव्या फ्रेटपासून जी तारेच्या सॅडलपर्यंतही साधारण तेवढंच यायला हवं, ई थोडी जास्त लांब. नेक आणि धडाच्या जोडात कागद सरकण्याइतकी फट असेल तर विचारा का ते.

बास गरब्याच्या ग्रुपमध्ये वाजला असेल तर नऊ रात्रींचा घाम आणि मैदानातली धूळ सॅडलच्या बारीक स्क्रूंमध्ये बसलेली असते. प्रत्येक स्क्रू फिरतो का बघा. गंजून अडकला असेल तर ती तार कधीच नीट बसवता येणार नाही, ब्रिज नवा धरून भाव करा.

सोल्डरची_वाफ
घुंईला घाबरू नका. जॅझ बासचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकाचे असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हम कटतो, एक जरा कमी केला की परत येतो. एकट्या पिकअपचा हम हा त्याचा स्वभावच. दोन्ही पूर्ण उघडूनही तसाच राहिला तर कोणीतरी एक पिकअप बदललाय किंवा वायरिंग चुकवलंय. तारांना हात लावल्यावर हम कमी व्हायला हवा. वाढला तर जॅकवर सिग्नलची (हॉट) आणि अर्थची (ग्राउंड) तार उलट जोडलीय. बघताना ट्यूबलाइट आणि चार्जर बंद करायला सांगा, उगाच बासच्या नावाने बिल नको.

नॉब खरखरत असतील तर तो २५० के चा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा फिरवणं. नाहीच गेली तर पॉट बदला, मोठा खर्च नाही.

कोरसचा मिणमिणता दिवा ही बहुधा बिघाडाची खूणच नव्हे. सीई-२बी बॉसच्या जुन्या एसीए अडॅप्टरवर चालणारा आहे, नावावर ९ व्होल्ट असला तरी त्यातून १२ च्या आसपास यायचे. पेडलच्या आत एक रेझिस्टर आणि डायोड तो दाब खाली आणतात. आजचा रेग्युलेटेड ९ व्होल्ट लावला की आतल्या सर्किटला कमी पडतो. नवी बॅटरी घाला, दिवा लख्ख पेटला तर पेडल ठणठणीत. तळाची पत्रा-प्लेट उघडून बघा: त्या रेझिस्टर-डायोडवर जंपर (वळसा देणारी जोडतार) मारला असेल तर कोणीतरी त्याला ९ व्होल्टचा करून ठेवलाय, मग १२ अजिबात लावू नका. जंपर नसेल तर १२ व्होल्ट रेग्युलेटेड, मधला खांब निगेटिव्ह.

चारतारी_बडोदा
डेझी चेनवर (एकाच अडॅप्टरवर अनेक पेडल) दुसऱ्या पेडलसोबत कोरस लावला तर दिवा उजळतो असं तो म्हणतो. ही फेकाफेकी का?

सोल्डरची_वाफ
नाही, खरं बोलतोय. रेझिस्टर-डायोड अर्थच्या बाजूला आहेत. शेजारच्या पेडलचा अर्थ पॅच केबलमधून (दोन पेडल जोडणारी छोटी केबल) मिळाला की त्यांना वळसा पडतो. फक्त त्या चेनवर जर्मेनियमचा जुना पॉझिटिव्ह-अर्थ फझ कधी जोडू नका, थेट शॉर्ट होतो.

खालची_तार
बिग मफचा तीन जागांचा स्विच प्रत्येक जागी वाजवून बघा: बूस्ट, नॉर्म, ड्राय. ड्रायमध्ये फझखालून मूळ आवाज येत नसेल तर स्विच गेलाय. फूटस्विच वीस वेळा दाबा, एकदा जरी अडखळला तरी तो बदलायचाच. दोन्ही पेडलची बॅटरीची जागा उघडा, हिरवी बुरशी दिसली तर क्लिप नवी.

आणि दादा, एकत्र भाव मान्य करू नका. बासचा वेगळा आकडा सांगा, त्यातून नव्या तारांचे पैसे आणि सेटअप वजा करा. फ्रेटवर खोल खाचा असतील तर घासाईही. कोरससाठी १४ मधला मोठा वाटा तेव्हाच द्या, जेव्हा मागे 'मेड इन जपान' लिहिलेलं असेल आणि नॉब मूळचेच असतील. रंगवलेला किंवा आत मॉडिफाय केलेला पीस संग्राहक घेत नाही, वाजवायला मात्र तोच स्वस्त पडतो.