पंचवीस खुर्च्या वाटाल, पंक्चर कोण काढणार?

रामबागेतली_मी:
काल मंडळाच्या या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "यंदाच्या गणपतीच्या वर्गणीतून 25 व्हीलचेअर वाटू, इंदूरच्या मराठी माणसाचं नाव होईल." खाली नुसते हात जोडलेले. मला राहवलं नाही.

माझा भाऊ मणक्याच्या दुखापतीमुळे एकवीस वर्षं खुर्चीवर आहे. पहिली खुर्ची अशाच शिबिरातली. दोन्ही अंगांना चार-चार बोटं मोकळी. चाकाला हात पोचावा म्हणून तो एका कुशीवर कलायचा. गादी नव्हती. कमरेखाली संवेदना नाही, त्यामुळे जखम झाली तेव्हा त्याला कळलीच नाही, वासावरून आईला कळली. पाच महिने पालथा. फोटो मात्र झकास आलाय, हारासकट.

डब्ल्यूएचओने 2008 मध्ये खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. मापं घेणं, बसवून बघणं, वापरायला शिकवणं, नंतर दुरुस्ती, हे सगळं त्यात येतं. आपण हार घालून मोकळे. त्यापेक्षा पुण्या-मुंबईकडे असतं तसं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र काढा. अनामत घ्या, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची द्या, गरज संपली की परत. ज्याला कायमची खुर्ची हवी त्याची आधी मापं. आणि एक सायकलवाला बांधून घ्या, मागच्या चाकाचं पंक्चर त्याला जमतं.

खजिनदार_61:
ताई, भावाचं वाईट वाटलं. पण कार्यकारिणीत सगळ्यात तरुण मी, वय नावातच आहे. वाटप एका दिवसाचं, केंद्र बारा महिन्यांचं. रात्री नऊला कुणी वॉकर मागायला आलं तर कुलूप कोण उघडणार? तुम्ही? आणि देणगीदाराला फोटो लागतो हो. मापं घेतानाचा फोटो कोण छापतं?

फाइलवाला:
मुळात हे मंडळाचं कामच नाही. कानपूरची अॅलिम्को ही सरकारी कंपनी 1976 पासून साहित्य बनवते, ते दिव्यांगांना देणारी एडिप योजना 1981 पासून आहे, दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा आहे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा, अर्ज करा. प्रत्येक गोष्टीत समाजसेवा घुसवून सरकारला मोकळं सोडताय.

सुदामानगर_काकू:
भाऊ, योजनेतून वस्तू येते, पुढचं कोण बघतं? यांच्या कानाचं मशीन दीड वर्ष कपाटात होतं. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवलं. कानात बसणारा साचा सैल होता, एवढंच! शिवाय मी हौसेने सहाच्या सहा सेलचे नारिंगी कागद एकदम सोलले. तो कागद निघाला की सेल हवेने सुरू होतो, वापरा नाहीतर ठेवा, संपत जातो. हे मला शेजारच्या मुलीने सांगितलं, दुकानदाराने नाही.

छप्पनचा_भिया:
आठ पायऱ्यांचं राहू द्या, आपल्या हॉलच्या तीन पायऱ्या आधी बघा! खुर्ची वाटणार कुठे, रस्त्यावर?

खजिनदार_61:
फळी टाकलेली आहे.

छप्पनचा_भिया:
ती फळी? तिच्यावरून सासऱ्यांची खुर्ची मागे आली, मी खाली होतो म्हणून वाचले. उताराचं प्रमाण एकास बारा असतं. तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प.

खजिनदार_61:
अठरा फूट! मग स्कूटर कुठे लावायच्या?

छप्पनचा_भिया:
स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला म्हणून मिरवून राहिलो आपण, आणि अध्यक्षांची गाडी दारात लागते म्हणून म्हातारा माणूस नाटकाला येत नाही.

फाइलवाला:
अध्यक्षांवर वैयक्तिक बोलू नका. त्यांनी स्टेजला पडदा दिलाय.

छप्पनचा_भिया:
पडद्यावरून खुर्ची चढत नाही, साहेब.

सुदामानगर_काकू:
पोहे-जिलबीवर किती गेले तेही एकदा मांडा. आता विषय निघालाच आहे.

रामबागेतली_मी:
अहो, धागा कुठे चाललाय! रॅम्प हवाच, पण मी खुर्चीबद्दल बोलतेय. फाइलवाले भाऊ, जयपूर फूट हा रबरी कृत्रिम पाय घडवताना डॉ. सेठींच्या जोडीला रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. डॉक्टरला शरीर कळतं, कारागिराला रबर. इथेही तेच हवं, मापं फिजिओ घेईल, चाक सायकलवाला बघेल. सरकारला सोडा असं मी कुठे म्हटलं? यूडीआयडीचे फॉर्म त्याच टेबलावर भरून द्या की. तुम्हीच बसा, फायली आवडतात ना.

फाइलवाला:
टोमणा पोचला. शनिवारी दोन तास बसेन. फक्त फॉर्म. कुलूप-किल्ली मला सांगायची नाही.

खजिनदार_61:
मागची खोली आहे, मखराचं सामान हलवावं लागेल. 25 च्या दहा खुर्च्या करतो, उरलेल्यात गाद्या आणि सायकलवाला. देणगीदारांची तोंडं तुम्ही बघा. रॅम्पचं मी काही कबूल केलेलं नाही, हे लिहून ठेवा. मापं घ्यायला टेप कुठली, शिंप्याची की सुताराची?

रामबागेतली_मी:
शिंप्याची. आणि माणसाला बसवून मोजायचं, उभं करून नाही.