थंडरचं नुसतं नशीब?

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडर टीमबद्दल लोक म्हणतात, "ओक्लाहोमा सिटीला ड्राफ्टमध्ये (टीमा आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) नुसती लॉटरी लागली". हे काही पटलं नाही बुवा. २०१९ मध्ये आपला खेळाडू पॉल जॉर्ज क्लिपर्स टीमला दिला, तेव्हा बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी हे खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या पाच पिक (निवडीचे हक्क) पदरात पडल्या. त्यातल्याच एका पिकवर २०२२ मध्ये, तेही बाराव्या नंबरला, जेलन विल्यम्स उचलला. २०२५ च्या फायनलमध्ये पाचव्या मॅचला त्याच पोराने ४० पॉइंट ठोकले! चेट होल्मग्रेन ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर मिळाला (वरचे नंबर हरणाऱ्या टीमांमध्ये सोडत काढून ठरतात), त्याला नशीब म्हणा हवं तर. पण त्याआधी सलग दोन सीझन २५ विजयसुद्धा झाले नव्हते, ते सोसलं कोणी? बाकी २०१२ मध्ये जेम्स हार्डनसारख्या खेळाडूला सोडला, ते मात्र मी अजून माफ केलेलं नाही.