झिलई, ओप, उजाळा की नुसतं पॉलिश?

पत्रकवाली: भंडारा जिल्ह्यातल्या एका बचत गटासाठी माहितीपत्रक मराठीत आणतेय. हाताने घडवलेल्या लहान पितळी वस्तू आहेत: बैलाच्या शिंगांच्या शेंब्या, घुंगरं, नंदी, गळ्यातली पदकं. त्यांची चकाकी टिकवण्याच्या भागाला मी 'टिकाऊ झिलई' असं नाव दिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'टिकाऊ उजाळा' केलं. झिलई मातीच्या भांड्याला असते, धातूला नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोण? गुरुवारी छपाईला जायचंय.

झाडीपट्टी: ताई, त्यांनी बदललेला शब्दही चूकच. उजाळा मळलेल्या वस्तूला देतात. चिंच लावून समई उजळते. कानशीखालून नुकत्याच निघालेल्या शेंबीला उजाळा कसला? तिला ओप द्यायचा. आमच्याकडे म्हातारी माणसं 'उजारा' म्हणतात, झाडीबोलीत ळचा र होतो. पण तेही जुन्या भांड्यालाच.

अकोटवाला: ओप कोन म्हनते भाऊ आता? बफवाल्याले, म्हंजे चमक आनाचं कापडी चाक फिरवते त्याले, 'ओप दे' म्हटलं तं समजनार नाई. पॉलिश लिहा, साऱ्याइले समजते.

शब्दमूळ: झिलईला मातीपुरतं बांधणं ही परिभाषेची सोय आहे. शब्द अरबी 'जिला'वरून आला, अर्थ घासून आणलेली चकाकी. जुनं रूप जिल्हई. कल्हई आणि मुलामाही अरबीतूनच आले, आणि शिकलगार हा 'सैकल' करणारा, म्हणजे हत्यारांना चकाकी देणारा. धातूला झिलई म्हणायला काहीच हरकत नाही.

झाडीपट्टी: झिलई 'झळाळी'वरून आली असणार. दोन्हींत झ आणि ळ-ल आहेतच.

शब्दमूळ: जुन्या रूपात झ नाही, ज आहे. आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. देशी शब्द हवा तर ओपच घ्या, तो प्राकृतातल्या 'ओप्पा'पासूनचा आहे.

तांबटकाम: ताई, तुमच्या मथळ्यात दोन कामं एका शब्दात कोंबली गेलीत. चमक येते पृष्ठभाग सपाट झाल्याने. टिकते ती वरच्या पारदर्शक लेपाने. दोन्हींना एकच नाव दिलंत तर वाचणारी बाई बफवरून वस्तू उतरवेल आणि काम संपलं समजेल. पावसाळ्यात थोड्याच दिवसांत त्या पितळेवर तपकिरी झाक चढेल.

कानशीनंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, ६००, ८०० आणि १२०० चा वॉटर पेपर, पाणी लावून. दर नंबरला घासायची दिशा काटकोनात बदलायची. मागच्या नंबरचे ओरखडे मग आडवे दिसतात, ते पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. ४०० चा राहिलेला ओरखडा बफवर जात नाही, चकाकीत जास्तच उठून दिसतो. कापडी बफवर आधी तपकिरी मेण (घासणारे कण मिसळलेलं), नंतर वेगळ्या बफवर लाल. एकच बफ दोन्हींना वापरला तर तपकिरीतले जाड कण लालचं काम नासवतात. दाब जास्त झाला की नक्षीच्या कडा बोथट होतात.

खरी नासाडी होते ती धुण्यात. खाचांत मेण अडकतं आणि तिथे लेप धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ दातब्रश. धुतल्यावर पाणी थेंब धरून न बसता सलग पसरलं, तर तेलकटपणा गेला. लगेच कोरड्या लाकडाच्या भुशात घोळवायचं आणि नंतर उघडं बोट लावायचं नाही. घामाचा ठसा लेपाखाली काळा पडतो, मग सगळा लेप काढावा लागतो.

अकोटवाला: ज्याच्या घरी बफ नाई, त्यानं चिंच-मिठानं केलं तं?

तांबटकाम: चिंच काळवंडलेला थर काढते, ओरखडा काढत नाही. उजाळा आणि ओप यांतला फरक नेमका हाच. फार वेळ ठेवली तर पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांब्याचे गुलाबी डाग उमटतात. खाचेत मीठ राहिलं तर पुढे हिरवे ठिपके येतात. चिंचेनंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून मग भरपूर साध्या पाण्याने धुवा.

पत्रकवाली: म्हणजे मथळा 'ओप आणि लेप' असा करू? की झिलई ठेवू?

लाखवाला: लेपाला बाहेरून वार्निश कशाला आणायचं? गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर, कुसुमावर लाख होते. लिटरभर स्पिरिटात १०० ते १२० ग्रॅम चपडा, म्हणजे साफ केलेली लाख, रात्रभर भिजवा आणि मलमलीतून गाळा. काचेची बाटली घ्या, लोखंडाने रंग काळवंडतो. वस्तू हाताला सोसेल इतकी कोमट करून मऊ कुंचल्याने दोन पातळ हात द्या. जवळ विस्तव नको. सर्द हवेत काम केलं तर लेपावर पांढुरकी झाक येते. द्रावण लागेल तेवढंच करा, महिनोन्महिने जुनं झालेलं नीट वाळत नाही, चिकटच राहतं.

तांबटकाम: नंदीला, पदकाला ठीक. शेंबीला नको. बैल शिंगं घासतो, कडेला लेप फुटतो आणि तिथून काळी रेघ आत सरकत जाते. शेंब्या बिनलेपाच्या ठेवा, पोळ्याच्या आधी उजळा.

झाडीपट्टी: पण लाखवालेभाऊ, चपडा आणि लाख एकच कसे? झाडावरची ती काडीलाख. ती खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पत्रे ओढले की चपडा.

लाखवाला: मग टिकलीसारखी गोल ओततात तिलाही चपडा म्हणणार का?

शब्दमूळ: नाही. चपडा हे आकाराचं नाव आहे, चपटा पत्रा असेल तरच.

लाखवाला: बाजारात दोन्हींना चपडाच म्हणतात. मागून बघा, कोणती हातात देतात ते.