वितळणे, विरघळणे, थिजणे

प्रश्न : लेक दुसरीत आहे. तिला स्थायू, द्रव, वायू समजावताना माझीच गाडी अडते. घरात सगळे ‘आइसक्रीम विरघळलं’ म्हणतात, पुस्तकात ‘वितळणे’ आहे. दोन्ही चालतं का? तूप थिजतं आणि पाणी गोठतं, हे वेगळं का? आणि चहातून निघतो तो धूर, वाफ की बाष्प?

*

बोलताना ‘आइसक्रीम विरघळलं’ सर्रास चालतं, कुणाचं अडत नाही. पण अवस्था शिकवायच्या असतील तर हे दोन शब्द कटाक्षानं वेगळे वापरा. वितळायला उष्णता पुरते. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. साखर पाण्यात विरघळते, अगदी माठातल्या गार पाण्यातसुद्धा. तीच साखर कोरड्या कढईत मंद आचेवर ठेवली की आधी कडेनं ओलसर दिसते, मग पाघळून तांबूस होते. हे दोन्ही तिला एकाच दिवशी दाखवा. कढईपासून लांब उभी करा मात्र. वितळलेली साखर उकळत्या पाण्याहून पुष्कळ जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटते.

आइसक्रीमसाठी मला स्वतःला ‘पाघळलं’च आवडतं. कोनावरून मनगटापर्यंत आलेला ओघळ त्या शब्दात दिसतो.

पुस्तकी शब्दांचा घोळ निराळाच. ‘द्रवणांक’ म्हणजे पदार्थ वितळतो ते तापमान आणि ‘द्रावण’ म्हणजे विरघळून झालेलं मिश्रण. आठवीतली पोरंही इथे गडबडतात. दुसरीला दोन्ही नकोत.

*

थिजणं-गोठणं : वापर पाहिला तर तूप, खोबरेल, चरबी असले स्निग्ध पदार्थ थिजतात आणि पाणी गोठतं. क्रिया एकच, द्रवाचा स्थायू होणं. फरक तापमानाचा. पाणी ० अंशाला गोठतं, खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. त्यामुळे देशावर डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. शिकवायला ही बाटली बर्फापेक्षा बरी. बर्फावरून मुलांचा समज होतो की स्थायू व्हायचं म्हणजे गारठायलाच हवं. थिजलेलं खोबरेल बोटाला जेमतेम गार लागतं, तरी बाटली उलटी केली तर पडत नाही.

‘रक्त गोठणे’ यात आणू नका. जखमेवरचं रक्त थंडीनं गोठत नाही. त्यातल्या प्रथिनाचं जाळं तयार होतं. त्याला ‘साकळणे’ हा जुना शब्द आहे, तो वापरा.

*

वरच्यात थोडी भर. बासुंदी आटते आणि पिठलं आळतं. आटताना पाणी वाफ होऊन जातं. पिठलं आळतं ते मुख्यतः पीठ पाणी धरून फुगतं म्हणून. दोन्ही घट्टच होतात, पण अवस्थेचा बदल शिकवायला आटवलेलं दूध घ्या. पातेल्याच्या कडेला आधीची पातळी साईच्या रेघेनं दिसतेच.

*

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. धूर नक्की नाही, चहात काही जळत नाही. बाष्प डोळ्यांना दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणतो ते पांढरं म्हणजे बाष्प गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. किटली खळखळ उकळत असताना तोटीच्या अगदी तोंडाशी बघा : थोडी जागा मोकळी दिसते, पांढरं त्याच्यापुढे सुरू होतं. त्या मोकळ्या जागेत बाष्प आहे. हे लांबूनच दाखवायचं, तिथे भाजतं.

उलटा प्रयोग सोपा. कोकम सरबतात बर्फ टाका आणि ग्लास पुसून ठेवा. थोड्या वेळात बाहेरून थेंब धरतात. आपण ‘ग्लासाला घाम आला’ म्हणतो, म्हणून मुलांना वाटतं पाणी आतून झिरपलं. थेंब बोटावर घेऊन चाटायला सांगा. ना लाल, ना गोड. ते आले हवेतून.

*

प्रश्नकर्ती : छान, सरबत आजच करते. पण देवघरातल्या कापराचं काय सांगू? डबीतल्या वड्या बारीक झाल्यात आणि डबी तर कोरडी.

*

‘कापूर उडाला’ एवढंच सांगा. स्थायूचा सरळ वायू झाला, मधे द्रव झालाच नाही. त्याचं नाव संप्लवन, ते पुढच्या वर्गात येईल. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही तशाच झिजतात, पण त्या विषारी. तिच्या हाती देऊ नका. आणि डबीचं झाकण घट्ट लावत जा.