वकील न लावता परस्पर संमतीचा घटस्फोट: कितपत जमतं?

मृगजळ:
लग्न हिंदू पद्धतीने, ६ वर्षं झाली. सव्वा वर्ष वेगळे राहतोय. भांडण उरलेलं नाही, दोघांनाही मोकळं व्हायचंय. ४ वर्षांची मुलगी आईकडे राहील. फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्जही दोघांच्या नावावर चालू आहे. पोलिसात किंवा कोर्टात काही नाही. स्वतःच अर्ज करता येतो का, आणि करावा का?

पुरसिस:
येतो. कुटुंब न्यायालय कायदा १९८४, कलम १३ बघा: तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कच नाही, कोर्टाच्या परवानगीचा भाग आहे. (परवानगी सहसा मिळते, ते सोडा.)

हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब खाली दोघांचा मिळून एकच अर्ज. लग्न जिथे लागलं, शेवटचे एकत्र जिथे राहिलात किंवा पत्नी आत्ता जिथे राहते, तिथल्या कोर्टात. सोबत लग्नाचा दाखला, दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्रं आणि कन्सेंट टर्म्स (दोघांमध्ये काय ठरलं ते लिहिलेल्या अटी). वेगळे झाल्याची तारीख नेमकी टाका. 'गेल्या वर्षापासून' असं मोघम लिहिलंत की हरकत निघणार, कारण अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, ही अट त्याच तारखेपासून मोजतात.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. अर्जानंतर किमान ६ महिने थांबून, १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. हे ६ महिने माफ होऊ शकतात, अमरदीप सिंग निकाल, सर्वोच्च न्यायालय, २०१७. पण त्यातला एक निकष असा की अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहून झालेलं हवं. तुमचं सव्वाच झालंय. आत्ता अर्ज टाकलात तर बहुधा पूर्ण सहा महिने बसावं लागेल. तीन महिने थांबून टाकलात तर त्यानंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो आणि एकूण लवकर सुटाल. माफी द्यायची की नाही हे मात्र न्यायाधीशांच्या हातात.

मृगजळ:
कन्सेंट टर्म्सचा तयार नमुना मिळालाय. नावं बदलून दिला तर?

चौथी_प्रत:
लोक फसतात ते नेमके इथेच. नमुन्यात असतं: 'पती मुलीचा योग्य तो खर्च करेल.' योग्य म्हणजे किती? उद्या पैसे थांबले तर या वाक्यावर वसुली कशाची मागणार? असं लिहा: 'दरमहा ५ तारखेपर्यंत अमुक रुपये, आईच्या अमुक खात्यात, दर एप्रिलला अमुक टक्के वाढ, शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च वेगळा, निम्मा-निम्मा, पावती दाखवल्यावर १५ दिवसांत.' भेटीचंही तसंच: कोणता वार, किती वाजता, कोण आणणार, मे महिन्याच्या सुट्टीत किती दिवस, पासपोर्टसाठी सही कोण देणार. आणि 'मुलीसाठी भविष्यात काही मागणार नाही' हे कलम दिसलं तर काढून टाका. मुलीचा पोटगीचा हक्क आई-बापांना सोडून देता येत नाही.

पत्नीला एकरकमी द्यायचे असतील तर अर्धे अर्जावेळी, उरलेले दुसऱ्या संमतीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. दुसऱ्या संमतीपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं, म्हणून सगळे आधी देऊ नयेत, आणि सगळे नंतरवर सोडू नयेत.

सातबारा:
फ्लॅटबद्दल कुणीच बोललं नाही. कन्सेंट टर्म्स बँकेवर बंधनकारक नसतात. 'हप्ते पती भरेल' असं लिहिलंत आणि त्याने थकवले, तर बँक सहकर्जदार म्हणून पत्नीच्याही मागे लागणार. म्हणून अर्जाआधी बँकेत विचारा: एकाच्या पगारावर कर्ज चालू ठेवतील का? नाही म्हणाले तर विकून कर्ज फेडा किंवा वाटणी नव्याने ठरवा.

फ्लॅटवरून एकाचं नाव काढायला नोंदणीकृत दस्त लागतो. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नींत बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा). घटस्फोटानंतर नातंच उरलं नाही, की ही सवलतही गेली. उलट घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी दस्त केला आणि समोरचा फिरला, तर घर गेलेलं आणि लग्न तसंच. हा क्रम कसा बांधायचा ते वकिलालाच विचारावं.

पुरसिस:
सहमत. मूल नाही, सामायिक मालमत्ता नाही, तर वकिलाची गरज नाही. तुमच्याकडे दोन्ही आहे. अर्ज स्वतः करा, तारखांना स्वतः उभे राहा, कोर्टाच्या समुपदेशकाकडेही स्वतःच बोला. फक्त कन्सेंट टर्म्स आणि फ्लॅटचा दस्त पैसे देऊन वकिलाकडून लिहून घ्या. दोघांचा एकच वकील नको, निदान वाचायला तरी दुसरा हवा. पत्नीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, बाईंना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

मृगजळ:
म्हणजे आधी बँक, मग तीन महिन्यांनी अर्ज?

सातबारा:
हो. बँकेचं उत्तर लेखी घ्या.