1979 फोर्ड एफ-150 पिकअप, 4.9 लिटर सहा सिलिंडर: व्हॅक्यूमच्या नळ्या कुठे जोडायच्या?

जुनागिअर: आधीच्या मालकाने अर्ध्या नळ्या काढून तोंडं स्क्रूने बुजवलीत, बॉनेटखालचं नळ्यांच्या जोडणीचं स्टिकर पण गायब. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी थरथरते, कधी बंदच पडते. ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) सरळ काढून टाकू का?

स्पॅनरवाला: काढू नको रे! ईजीआरमुळे ज्वलनाचं तापमान उतरतं, त्यामुळे नॉक्स (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड) कमी होतं, आणि नुसता काढलास तर लोडवर इंजिन नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठकठक) करायची शक्यता. तुझी ईजीआरची नळी बहुतेक मॅनिफोल्ड व्हॅक्यूमला (थ्रॉटल प्लेटच्या खालचा, आयडललाही जोरदार) लागलीय. ती पोर्टेडला हवी, म्हणजे थ्रॉटल प्लेटच्या वरच्या भोकाला, तिथे आयडलला व्हॅक्यूम जवळपास नसतोच म्हणून व्हॉल्व्ह बंद राहतो. मधे कूलंटमध्ये बसवलेला थर्मल स्विच असतो, इंजिन गरम झाल्याशिवाय तो व्हॅक्यूम पुढे सोडत नाही, तो बायपास केला असेल तर इंजिन थंड असताना गाडी अडखळणारच.

काळाधूर: ब्रेक बूस्टर आणि पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू परत इंजिनात ओढणारा व्हॉल्व्ह) मात्र मॅनिफोल्डलाच हं. पीसीव्हीची नळी मऊ पडून आतून चिकटते, वरून दिसत पण नाही (मी दोन दिवस कार्ब्युरेटरला शिव्या घालत बसलो होतो).

जुनागिअर: ईजीआरची नळी काढून बुजवली, आयडल लगेच शांत!! इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) पण बघतो आता.

स्पॅनरवाला: बघताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढून बंद कर, नाहीतर रीडिंग चुकेल. आणि कॅलिफोर्नियात असशील तर 1976 पासूनच्या गाड्यांना स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) आहे, सगळं जागेवर लागेल.